जुन्या मेटल डेमोंचा संग्रह काढताना: आधी टेप नीट वाजवा, मास्टरिंगचं नंतर बघू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बँड सुरू झाला त्या काळातले तीन डेमो आणि रिहर्सलची एक टेप तुमच्याकडे आहे, सगळं कॅसेटवर. आता ते एकत्र करून अल्बम काढायचा आहे. ड्रमरचं म्हणणं, ड्रम आणि बेस नव्याने वाजवून जुन्यावर बसवू. दुसऱ्या गिटारिस्टला हिस (टेपची सततची सरसर) पूर्ण घालवून आजच्या अल्बमइतका दणदणीत आवाज हवाय. पहिला गायक आता बँडमध्ये नाही. आणि तुम्ही विचारताय की चांगल्या मास्टरिंगने, म्हणजे अल्बम निघण्याआधीच्या शेवटच्या आवाज-सफाईने, हे सगळं एकसारखं वाजेल का, आणि रिहर्सलची टेप घ्यावी की वगळावी.

जुन्या टेपा डिजिटल करणं आणि त्यांचं मास्टरिंग करणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्यात मेटल आणि हार्डकोर बँडांच्या टेपा भरपूर असतात. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची खरी अडचण मास्टरिंगच्या आधीची आहे. तुम्ही आज जी फाइल ऐकून नाराज आहात ती कुठल्या प्रतीवरून, कुठल्या डेकवर आणि कशी उतरवली हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. माझ्याकडे 'हे वाचवता येईल का' म्हणून येणाऱ्या फाइल्सपैकी बऱ्याचशा मुळात नीट वाजवल्याच गेलेल्या नसतात. टेपवर झांजा असतात, फाइलमध्ये नसतात. मग माणूस ईक्यू (वरचे-खालचे स्वर कमी-जास्त करणारं साधन) लावून तिथे नसलेला ट्रेबल वाढवत बसतो आणि वाढते फक्त हिस.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. सर्वात चांगली प्रत कोणती मिळते, मूळ रेकॉर्डिंग स्टुडिओत रीलवर झालं की घरी चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर, मिक्सच्या आधीचे सुटे ट्रॅक कुणाकडे शिल्लक आहेत का, आणि हा संग्रह जुन्या चाहत्यांसाठी आहे की नव्या श्रोत्यांसाठी, यावर उत्तर थोडंफार बदलतं. पण कामाचा क्रम मात्र बदलत नाही.

सुरुवात प्रत शोधण्यापासून करा. कॅसेटवरून कॅसेट उतरवली की दर वेळी हिस वाढते, वरचे स्वर बोथट होतात आणि वेगातली थरथर आधीच्या थरथरीत मिसळते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अंडरग्राउंड मेटल पसरलं तेच मुळी टपालाने एकमेकांना टेपा पाठवून. त्यामुळे इंटरनेटवर फिरणारी तुमच्या डेमोची फाइल चौथ्या-पाचव्या प्रतीवरून आलेली असण्याची शक्यता दाट आहे. बँडकडे असलेली प्रतच सर्वोत्तम असेल असंही धरून चालू नका. बँडने आपल्याच मास्टरवरून प्रती काढून काढून तो झिजवलेला असतो, आणि कुणा चाहत्याने त्याची पहिली प्रत दोनदा ऐकून कपाटात ठेवलेली असते. जुने सदस्य, ज्याने रेकॉर्ड केलं तो, त्या काळात ज्यांना परीक्षणासाठी टेप पाठवली होती ते, सगळ्यांना विचारा. एकाच डेमोच्या दोन प्रती मिळाल्या तर दोन्ही उतरवा. एकीत पहिल्या गाण्यात टेप चुरगळलेली असते, तर दुसरीत तेवढी जागा शाबूत असते.

रील सापडली तर मात्र 'वाजते का बघू' म्हणून लावू नका. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या काही वर्षांतल्या अनेक स्टुडिओ टेपांचा बाइंडर (चुंबकी ऑक्साइड टेपला धरून ठेवणारा पदार्थ) हवेतला ओलावा शोषून चिकट होतो. अशी टेप हेडवर घासली की ऑक्साइड सुटून येतो, आणि त्याबरोबर संगीतही जातं. ती साधारण ५४ अंश सेल्सिअसला काही तास नियंत्रित उष्णता देऊन तात्पुरती वाजवण्याजोगी करता येते. हे ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या. घरगुती ओव्हनचं ते काम नाही. कॅसेटना सहसा याची गरज पडत नाही.

चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्राबद्दल एक महत्त्वाचं. १९७९ साली टीअ‍ॅकच्या टॅस्कॅम विभागाने पोर्टास्टुडिओ आणला आणि तळघरात बसून डेमो करणं बँडांच्या आवाक्यात आलं. त्या यंत्रात कॅसेट एकाच दिशेने चालते आणि चारही ट्रॅक एकदमच वापरले जातात. अनेक मॉडेल दुप्पट वेगाने, म्हणजे सेकंदाला ९.५ सेंटिमीटरने चालतात. अशी कॅसेट साध्या डेकवर लावली तर निम्म्या वेगाने दोनच ट्रॅक ऐकू येतात, आणि बाजू उलटली की उरलेले दोन उलटे वाजतात. कितीतरी बँडांनी अशा टेपा 'खराब झाल्या' म्हणून बाजूला टाकल्या आहेत. तुमच्या खोक्यात हळू, घोगरी, निम्मी उलटी वाजणारी एखादी कॅसेट असेल तर ती जपून ठेवा. तोच तुमचा मल्टिट्रॅक, म्हणजे मिक्सच्या आधीचे सुटे ट्रॅक, असू शकतो. ती मूळ जातीच्या यंत्रावरच उतरवा, आणि रेकॉर्डिंग करताना डीबीएक्स (हिस कमी करणारी प्रणाली) लावलेलं असेल तर वाजवतानाही लावा.

आता डेककडे वळू. माझा सर्वात जास्त वेळ इथेच जातो. डेकच्या हेडची उभी फट टेपच्या दिशेशी अचूक काटकोनात हवी. या कोनाला अझिमथ म्हणतात. तुमचा डेमो ज्या डेकवर रेकॉर्ड झाला त्याचा कोन आणि आज वाजवणाऱ्या डेकचा कोन जुळला नाही तर वरचे स्वर हरवतात, डावं-उजवं एकमेकांच्या किंचित मागे-पुढे पडतं आणि आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा होतो. उपाय साधा आहे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करा, चुंबकत्व काढा, टेप लावा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनोमध्ये ऐका, आणि हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला छोटा स्क्रू, चुंबकत्व नसलेल्या स्क्रू ड्रायव्हरने, अगदी केसभर फिरवा. हाय-हॅट झांजा चालू असलेली जागा निवडा. एका बाजूला फिरवलं की 'छप' असा बोथट आवाज येतो, दुसऱ्या बाजूला फिरवताना एका क्षणी तो उघडतो आणि काठी धातूवर पडल्याचं टोक ऐकू येतं. तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला, आणि प्रत्येक बाजूला, नव्याने करावं लागतं. मोनोमध्येच ऐका, कारण स्टीरिओत कान फसतात. मोनोत कोन चुकला की वरचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, त्यामुळे फरक लगेच कळतो.

यानंतर वेग. घरगुती आणि बॅटरीवरच्या रेकॉर्डरचा वेग क्वचितच अचूक असतो. बॅटरी उतरलेली असेल तर टेप हळू चालत रेकॉर्ड होते आणि आज योग्य वेगाच्या डेकवर ती जोरात पळते. रिफ तुरतुरीत वाटतात, गायकाच्या गुरगुरण्यातला घसा जातो. गिटारच्या ट्यूनिंगवरून वेग ठरवू नका. सुरुवातीचे मेटल बँड कधी ई-फ्लॅट, कधी डी, तर कधी नुसतेच एकमेकांना बघून ट्यून करायचे. त्यापेक्षा भरवशाची खूण टेपवरच असते. अ‍ॅम्प्लिफायरची गुणगुण. ती वीजपुरवठ्याच्या वारंवारितेवर चालते, काही देशांत ५० हर्ट्झ, काही देशांत ६०. गाणं सुरू होण्याआधी डिस्टॉर्शन चालू असतं आणि कुणी वाजवत नसतं, तेवढा तुकडा घ्या, स्पेक्ट्रम बघा, विश्लेषणाची खिडकी मोठी ठेवा. कॅसेटवर ५० हर्ट्झ क्षीण असेल तर त्याची पट बघा, १५०ची. समजा ती १५४.५ला दिसली. म्हणजे टेप तीन टक्के जोरात चालली आहे, सुमारे अर्धा सेमीटोन. तेवढा वेग खाली आणा. तुमच्या आजच्या डेकची आणि वायरिंगची गुणगुणही त्यात बरोबर १५०ला दिसेल. दोन रेषा शेजारी-शेजारी दिसल्या तर सरकलेली ती टेपवरची. आणि ही मोजणी बाजूच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी करा, कारण उतरत्या बॅटरीवर केलेल्या टेपचा वेग गाण्यागणिक बदलत जातो.

डॉल्बी (हिस कमी करणारी आणखी एक प्रणाली) लावून रेकॉर्ड केलं होतं की नाही हे वेष्टणावर लिहिलेलं असतं, पण त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. खात्री नसेल तर डॉल्बी बंद ठेवून उतरवा आणि नंतर ठरवा. फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ ठेवा, शिखरं शून्यापासून सहा-आठ डेसिबल खाली, कुठलाही ईक्यू किंवा कॉम्प्रेशन (मोठे आवाज दाबून लहानांच्या जवळ आणणं) नाही. ही फाइल कायमची ठेवायची. पुढचं सगळं काम तिच्या प्रतीवर.

एवढं झालं की आधी ऐका. माझ्या अनुभवात बँड इथेच थांबतो आणि म्हणतो, अरे, बेस ऐकू येतोय की. म्हणूनच म्हटलं की मास्टरिंगचं नंतर बघू.

हिसबद्दल माझं मत ठाम आहे: मेटलच्या टेपवरची हिस सरसकट काढू नका. हिस काढणारं सॉफ्टवेअर सूर कुठला आणि गोंगाट कुठला हे वेगळं ओळखून काम करतं. डिस्टॉर्शनमधली गिटार, घुमत राहिलेली क्रॅश झांज आणि ट्रेमोलो पिकिंगची (एकच सूर वेगाने पुन्हा पुन्हा छेडण्याची) सलग भिंत यांचा आकार गोंगाटासारखाच असतो. सॉफ्टवेअर हिसबरोबर त्यांनाही कुरतडतं, आणि मागे उरते पाण्याखाली बुडबुडे फुटल्यासारखी सळसळ. ती एकदा कानाला कळली की दुसरं काही ऐकू येत नाही. हिस मात्र दहाव्या सेकंदाला कान विसरतात. मी काढतो त्या गोष्टी वेगळ्या: टिकटिक, टेपमधले खड्डे, स्विचचे ठोके आणि फारच त्रास देणारी गुणगुण. शांत इंट्रो असेल तिथे हिस थोडी खाली आणायला हरकत नाही, पण संपूर्ण गप्प करू नका. गाण्याआधी पूर्ण शांतता आणि गाणं सुरू होताच हिसचा पडदा उघडला, असं झालं तर हिस आहे त्याहून मोठी वाटते. दोन गाण्यांच्या मधेही त्याच टेपची हिस चालू राहू द्या.

सगळं एकसारखं वाजेल का, तर नाही, आणि तसं करायचा प्रयत्नही करू नका. तीन वेगळ्या खोल्या, तीन वेगळे रेकॉर्डर, कदाचित दोन वेगळे ड्रमर. पहिल्या डेमोला तिसऱ्यासारखं करायला गेलात तर तिसऱ्याचं नुकसान होईल, कारण समान पातळी नेहमी खालचीच मिळते. मी प्रत्येक सत्र स्वतंत्र धरतो. त्याच्या आतली गाणी एकमेकांशी जुळवतो आणि सत्रांमध्ये फक्त दोन गोष्टी सांभाळतो: गायकाचा आवाज आणि स्नेअर ड्रम साधारण त्याच अंतरावरून यावेत, आणि तळाचा बेस एका डेमोत खोली हलवणारा व दुसऱ्यात गायब असा नसावा. हे मीटरवर नाही, कानांनी. श्रोत्याला आवाजाचं बटण फिरवावं लागलं नाही की पुरे. पोत बदलला तर बदलू दे. त्यातूनच तर बँड मोठा होताना ऐकू येतो.

आजच्या अल्बमइतका दणदणीत करण्याबद्दल: जुन्या टेपवर आधीच टेपचं स्वतःचं दाबणं (कॉम्प्रेशन) असतं. रिहर्सलची टेप साध्या पोर्टेबल रेकॉर्डरवर केली असेल तर त्यातल्या स्वयंचलित लेव्हलने प्रत्येक किकला (मोठ्या ड्रमच्या ठोक्याला) सगळा बँड आत ओढलेला असतो. त्यावर आणखी लिमिटर (आवाजाची शिखरं कापून सगळं वर चढवणारं साधन) दाबला तर ड्रमची धार जाते आणि उरतो तो सलग घोंघावता ठोकळा. स्ट्रीमिंगवर तर त्याचा फायदाही नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये गाणी सुमारे उणे १४ एलयूएफएसच्या (ऐकू येणाऱ्या आवाजाच्या मोठेपणाचं एकक) पातळीवर आणून वाजवतं, म्हणजे तुम्ही चढवलेला आवाज ते खाली उतरवतं आणि दाबल्याचं नुकसान तेवढं तुमच्याकडे राहतं.

ड्रम आणि बेस नव्याने बसवण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे, आणि त्याचं एक जाहीर उदाहरण आहे. मेटल गायक ऑझी ऑसबॉर्नचे १९८० आणि १९८१ सालचे पहिले दोन सोलो अल्बम २००२मध्ये पुन्हा निघाले तेव्हा बॉब डेझ्लीचा बेस आणि ली कर्स्लेकचे ड्रम काढून त्या जागी नवे वाजवून घातले होते. चाहते भडकले, आणि २०११च्या आवृत्त्यांत मूळ वादन परत आणावं लागलं. ते तर मल्टिट्रॅकवरून, उत्तम वादकांनी केलेलं काम होतं. तुमच्या मिक्स झालेल्या कॅसेटवर जुने ड्रम तसेच राहणार आणि नवे त्यांच्यावर चढणार. जुन्या वादनात ब्लास्टबीट (ड्रमचा अतिवेगवान मारा) आला की सगळा बँड मिळून पुढे धावतो. नवा ड्रमर त्या धावण्याला चिकटून वाजवू शकत नाही, आणि क्लिकवर (मेट्रोनोमच्या ठोक्यावर) वाजवलं तर गिटारी सुटतात. जुनी गाणी आजच्या हातांनी वाजवायची हौस असेल तर ती वेगळी करा. टेस्टामेंट या अमेरिकन मेटल बँडने २००१मध्ये आपली सुरुवातीची गाणी नव्याने रेकॉर्ड करून वेगळ्या नावाने अल्बम काढला. त्यात कुणाची फसवणूक नाही.

गाण्यातली वाद्यं सुटी करणाऱ्या नव्या तंत्राबद्दलही तुमचे मित्र सांगतील. बीटल्सचं शेवटचं गाणं २०२३मध्ये आलं ते जॉन लेननच्या घरगुती कॅसेटवरचा आवाज पियानोपासून सुटा करूनच. पण तिथे एक माणूस आणि एक पियानो होता. मेटलच्या मिक्समध्ये गुरगुरणारा आवाज आणि गिटार एकाच पट्ट्यात एकमेकांत मिसळलेले असतात, त्यामुळे सुटे भाग फाटके निघतात. मी ते एवढ्यापुरतंच वापरतो: गायक फारच बुडाला असेल तर सुटा केलेला आवाज मूळ मिक्सच्या खाली हळूच जोडून एक-दीड डेसिबल वर आणायचा. मूळ मिक्स जागचा हलवायचा नाही, म्हणजे फाटलेल्या कडा त्याखाली झाकल्या जातात.

गाण्यांचा क्रम सत्रांनुसार ठेवा आणि डेमो अखंड ठेवा. हेलहॅमर या स्विस बँडचे १९८३ या एकाच वर्षातले तीन डेमो २००८मध्ये संग्रहरूपात आले, त्याच वर्षी डार्कथ्रोन या नॉर्वेच्या बँडचे १९८८ आणि १९८९चे डेमो रिहर्सलसह तीन डिस्कवर आले. असे संग्रह लोक गाणी निवडून ऐकत नाहीत, बँड कसा घडला ते ऐकतात. तेच गाणं दोन डेमोंत असेल तर दोन्ही ठेवा, जर दुसऱ्यात रचना किंवा वेग बदलला असेल तर. नुसता आवाज चांगला असेल तर एकच पुरे. एलपी काढणार असाल तर एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास थांबा, बाजूचा शेवट डेमोच्या शेवटाशी जुळवा, आणि खालचा बेस मोनो करून द्या. डावा-उजवा बेस एकमेकांविरुद्ध गेलेला असेल तर एलपीची खाच कापणाऱ्याला तो नीट कापता येत नाही.

हक्कांचं लवकर उरका. गाण्याच्या रचनेचा हक्क आणि त्या रेकॉर्डिंगचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँडच्या नावावर तुमचा हक्क असला म्हणून त्या टेपवरच्या गायकाची परवानगी मिळाली असं होत नाही. रेकॉर्डिंगचे पैसे कुणी दिले यालाही काही देशांत महत्त्व असतं, ते तिथल्या वकिलाला विचारा. मेटॅलिकाचा १९८२चा डेमो २०१५मध्ये कॅसेटवर पुन्हा निघाला, पण त्याच्या विस्तारित आवृत्तीची बोलणी गीतलेखनाच्या श्रेयावरून फिसकटल्याचं बँडचा त्या काळचा गिटारिस्ट डेव्ह मस्टेनने जाहीरपणे सांगितलं आहे. एवढ्या मोठ्या बँडचं तिथे अडतं, तर तुमचंही अडू शकतं. पहिल्या गायकाला मास्टरिंग झाल्यावर नाही, आत्ता फोन करा. कुणी काय लिहिलं, उत्पन्न कसं वाटायचं, हे एका पानावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. डेमोत दुसऱ्या बँडचं गाणं वाजवलेलं असेल तर त्याचा परवाना वेगळा लागतो. आणि फोन केलाच आहे तर त्याच्याकडे कुठली प्रत आहे तेही विचारा. गायक लोक टेपा जपून ठेवतात.

पुस्तिकेत प्रत्येक सत्राची तारीख, जागा, कोण काय वाजवत होतं, कुठल्या यंत्रावर रेकॉर्ड केलं आणि आजची फाइल कुठल्या प्रतीवरून आली हे लिहा. वेग दुरुस्त केला असेल तर किती टक्के तेही. ज्यांनी तो डेमो वर्षानुवर्षं अर्धा सेमीटोन वर ऐकला आहे, त्यांना नवी प्रत 'चुकीची' वाटेल. त्यांना कारण कळायला हवं.

राहिली रिहर्सलची टेप. घ्या, पण सगळ्यात शेवटी आणि स्वतंत्र विभाग म्हणून. तिच्यात डेमोवर कधीच न आलेलं एखादं गाणं असेल तर ते पूर्ण घ्या, मधे चुकलं असलं तरी. मधली चार काठ्यांची मोजणी, 'परत, परत' असं ओरडणं, अ‍ॅम्प्लिफायर बंद करतानाचा ठोका, हे कापू नका. गाण्यांमधली लांबलेली गडबड तेवढी कमी करा. आणि त्या टेपवर लिमिटर अजिबात लावू नका, तिच्या रेकॉर्डरने ते काम आधीच करून ठेवलं आहे.

प्रती शोधून झाल्या आणि दोन-तीन डेक हाताशी आले की प्रत्येक बाजूच्या सुरुवातीचे दोन मिनिटांचे तुकडे, कुठलीही प्रक्रिया न करता, मला ऐकवा. कुठली प्रत घ्यायची हे त्यावरून बरंच सांगता येईल.